पार्टिकल पेशीत जाताना दिसतात पण औषधाचा परिणामच नाही, प्रोटीन कॅरिअरवाल्यांनो मदत करा

प्रथिनप्रेमी:

नमस्कार मंडळी. पीएचडी चालू आहे, विषय आहे प्रोटीनचे नॅनोपार्टिकल वापरून औषध पेशीच्या आत पोचवणं. आम्ही बीएसए म्हणजे बोव्हाइन सीरम अल्ब्युमिनचे पार्टिकल बनवतो, नेहमीचीच डीसॉल्व्हेशनची पद्धत, अल्ब्युमिनचं द्रावण पीएच ८ च्या वर ठेवायचं, ढवळत ढवळत थेंब थेंब इथेनॉल सोडायचं, द्रावण दुधाळ झालं की ग्लुटाराल्डिहाइड घालून रात्रभर क्रॉसलिंक होऊ द्यायचं, म्हणजे प्रोटीनचे रेणू एकमेकांना बांधले जातात. साइज छान येते, १५० नॅनोमीटरच्या आसपास, पीडीआय (कण किती एकसारख्या आकाराचे आहेत त्याचा आकडा) ०.२ च्या खाली, लोडिंगही बरं आहे, म्हणजे इथपर्यंत काही तक्रार नाही.

आत जे भरतोय ते नेहमीच्या केमोच्या औषधासारखं लहान रेणू नाहीये, ते स्वतःच एक छोटं प्रोटीन आहे, २० किलोडाल्टनच्या आतलं, आणि त्याचं टार्गेट सायटोप्लाझममध्ये, म्हणजे पेशीच्या आतल्या द्रवात आहे. तिथे पोचून टार्गेटला चिकटलं की पेशी मरायला हवी. पार्टिकलला एफआयटीसी हा हिरवा डाय लावून हीला (HeLa) ह्या कॅन्सरच्या पेशींवर टाकलं, धुतलं, फिक्स केलं, कॉन्फोकलखाली बघितलं तर न्यूक्लिअसच्या भोवती हिरवेगार ठिपकेच ठिपके, बघून सगळे खूश. पण व्हायेबिलिटी, म्हणजे किती पेशी जिवंत राहिल्या ते बघितलं तर रिकाम्या पार्टिकलमध्ये आणि भरलेल्या पार्टिकलमध्ये काडीचा फरक नाही. डोस वाढवला, वेळ वाढवली, तरी तेच.

गाईडचं म्हणणं टॅट पेप्टाइड (पेशीत शिरणारा प्रोटीनचा छोटा तुकडा) लाव, आत जाणं अजून वाढेल. लॅबमधले एक सिनियर म्हणतात अल्ब्युमिन सोड आणि फेरिटिन ह्या दुसऱ्या प्रोटीन कॅरिअरवर जा. मला मात्र कळत नाहीये की नक्की कुठे घोडं पेंड खातंय. आत जातंय हे दिसतंय, मग परिणाम का नाही? कॅरिअर बदलण्याआधी काय काय तपासून बघावं? ज्यांनी हाताने केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

जुना_पिपेट:

प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तरही सरळ देता येईल. तुम्ही जे हिरवे ठिपके बघताय ना, तेच तुमचं दुखणं आहे. माल सायटोप्लाझममध्ये मोकळा झाला असता तर ठिपके दिसले नसते, पेशीभर फिकट पसरलेला रंग दिसला असता. ठिपके म्हणजे माल अजून पिशव्यांमध्ये बंद आहे.

१५० नॅनोमीटरची वस्तू पेशीच्या मेम्ब्रेनमधून आरपार जात नाही. पेशी तिला मेम्ब्रेनचाच तुकडा गुंडाळून आत ओढते, तो एंडोसोम. बाहेर पीएच ७.४ असतो, सुरुवातीच्या एंडोसोममध्ये तो ६.५ च्या आसपास येतो, पुढे ५.५, आणि शेवटी लायसोसोममध्ये ५ च्याही खाली, जिथे प्रोटीन तोडणारे एन्झाइम वाटच बघत असतात. तुमचा कॅरिअर प्रोटीन, तुमचं औषधही प्रोटीन, दोघांचा तिथेच फडशा. म्हणजे पेशीच्या आत जाणं आणि सायटोप्लाझममध्ये पोचणं ह्या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी पहिलीपेक्षा कितीतरी अवघड. २०१३ मध्ये लिपिड नॅनोपार्टिकलमधल्या एसआयआरएनएवर (जीन बंद करणारे आरएनएचे छोटे तुकडे) एक मोजणी झाली होती, त्यात पेशीने आत घेतलेल्या मालापैकी जेमतेम १ ते २ टक्के एंडोसोममधून निसटून सायटोप्लाझममध्ये पोचतो असं दिसलं. आणि ती लिपिडं तर मुद्दाम त्यासाठीच घडवलेली होती. अल्ब्युमिनच्या पार्टिकलमध्ये निसटून जायची काहीच सोय नाही.

टॅटबद्दल. १९८८ मध्ये दोन टीमना स्वतंत्रपणे दिसलं की एचआयव्हीचं टॅट प्रोटीन बाहेरून टाकलं तरी पेशीत शिरतं, मग त्यातला छोटासा पॉझिटिव्ह चार्जवाला तुकडा पुरतो हे कळलं आणि सगळे त्याच्या मागे लागले. बरीच वर्षं असं वाटत होतं की हा मेम्ब्रेनमधून थेट आत घुसतो, कारण मायक्रोस्कोपखाली न्यूक्लिअससुद्धा चमकायचा. २००३ मध्ये दाखवलं गेलं की पेशी फिक्स करतानाच मेम्ब्रेन सैल होतं आणि बाहेर चिकटलेलं पेप्टाइड तेव्हा आत पसरतं, जिवंत पेशीत बघितलं तर तेच पेप्टाइड एंडोसोममध्ये अडकलेलं दिसतं. छोट्या पेप्टाइडचं थोडंफार थेट आत जाणं होतं, नाही असं नाही, पण १५० नॅनोमीटरच्या गोळ्यावर टॅट लावलं तर तो गोळा आत येणार एंडोसोममधूनच. ठिपके वाढतील, परिणाम वाढेल ह्याची खात्री नाही. म्हणून माझं मत, आत्ता टॅट लावू नका. तुमचं गाडं आत शिरण्यापाशी अडलेलंच नाहीये.

आधी एकच प्रयोग करा, बाकी सगळं नंतर. कॅरिअर वगैरे काही नको, नुसतं शुद्ध प्रोटीन इलेक्ट्रोपोरेशनने, म्हणजे विजेच्या झटक्याने मेम्ब्रेनला क्षणभर भोकं पाडून, पेशीत घाला. पेशी मेल्या तर प्रोटीन कामाचं आहे आणि पोचवण्यातच अडचण आहे. नाही मेल्या तर जगातला कुठलाच कॅरिअर तुम्हाला वाचवू शकत नाही.

आणि फिक्स केलेल्या पेशींचे फोटो बंद करा हो, जिवंत पेशी बघा.

गाळणी:

पिपेटरावांशी सहमत, पण मला त्याच्याही आधीची एक गोष्ट खटकली आणि ती म्हणजे ग्लुटाराल्डिहाइड.

ग्लुटाराल्डिहाइड लायसिन ह्या अमिनो अ‍ॅसिडच्या अमाइनला जाऊन चिकटतं, आणि ते अमाइन अल्ब्युमिनचं आहे का तुमच्या औषधाचं हे त्याला कळत नाही. डॉक्सोरुबिसिनसारखा लहान रेणू भरतानासुद्धा ही अडचण येते कारण त्यालाही अमाइन आहे, तुमचं तर अख्खं प्रोटीन, त्यात लायसिन असणारच. पाकिटाचं तोंड बंद करायला डिंक लावला आणि आतलं पत्रही पाकिटालाच चिकटून बसलं असं झालंय तुमचं. लोडिंग छान दिसतंय ते कदाचित म्हणूनच, बाहेर यायला वावच नाही. आणि जे सुटं राहिलं असेल त्याच्यावरही जागोजागी अल्डिहाइड बसलं तर टार्गेटला चिकटायची जागाच बुजली.

तपासायला सोपं आहे. भरलेले पार्टिकल बफरमध्ये ठेवा, ३७ डिग्री, एक बॅच पीएच ७.४ ला आणि एक पीएच ५ ला, अधूनमधून सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी काढा आणि त्यातल्या प्रोटीनची नुसती क्वांटिटी मोजू नका, अ‍ॅक्टिव्हिटी मोजा. क्वांटिटीचा आकडा फसवा असतो, अल्ब्युमिनचे सुटे तुकडेही त्यात मोजले जातात.

दुसरं म्हणजे तुमचे ठिपके. ग्लुटाराल्डिहाइडने क्रॉसलिंक केलेलं प्रोटीन स्वतःच चमकतं, आणि नेमकं हिरव्या चॅनेलमध्ये. एफआयटीसी न लावलेले रिकामे पार्टिकल त्याच लेझर पॉवरला, त्याच गेनला बघितलेत का? तो कंट्रोल नसेल तर त्या फोटोवरून औषधाबद्दल काहीच बोलता येत नाही. शिवाय एफआयटीसी आम्लात मंद होतो, लायसोसोममध्ये गेला की त्याची चमक बरीच पडते, म्हणजे जे सगळ्यात खोलवर गेलंय तेच सगळ्यात कमी दिसणार आणि जे बाहेरून पेशीला चिकटून बसलंय ते झकास दिसणार. पीएचने न बदलणारा लाल डाय घ्या, अलेक्सा ६४७ सारखा, आणि तो पार्टिकलला न लावता औषधाच्या प्रोटीनला लावा. बाहेर चिकटलेले ओळखायला एक सेट ४ डिग्रीवर ठेवा, त्या थंडीत एंडोसायटोसिस (पेशीचं आत ओढून घेणं) बंद असतं, तरीही ठिपके तेवढेच दिसले तर ते आत गेलेलेच नाहीत. हेच कंट्रोल आधी, हे झाल्याशिवाय पुढचा विचार नको.

निळी_शाई:

मी ह्या क्षेत्रातली नाही, वाचक म्हणून विचारते. घरात एकांना अल्ब्युमिनवालं पॅक्लिटॅक्सेल दिलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं की हे नॅनो औषध आहे, प्रोटीनमध्ये गुंडाळलेलं. तुम्ही म्हणताय अल्ब्युमिनचा पार्टिकल पिशवीत अडकतो, मग ते औषध कसं काय चालतं? का तिथेही बरंचसं वायाच जातं?

जुना_पिपेट:

@निळी_शाई चांगला प्रश्न आहे, आणि काळजी करू नका, ते औषध व्यवस्थित चालतं. फरक औषधाच्या रेणूत आहे. पॅक्लिटॅक्सेल लहान आणि तेलकट स्वभावाचं, मेम्ब्रेनमधून ते स्वतःच आत जाऊ शकतं, त्याला कोणी हात धरून न्यायची गरज नाही. त्याची अडचण वेगळी होती, ते पाण्यात विरघळतच नाही. म्हणून जुन्या इंजेक्शनमध्ये ते क्रेमोफोर नावाच्या, एरंडेल तेलापासून बनवलेल्या सॉल्व्हंटमध्ये देतात, आणि त्या क्रेमोफोरमुळे जोरदार अ‍ॅलर्जिक रिअ‍ॅक्शन येऊ शकतात, म्हणून आधी स्टिरॉइड द्यावं लागतं, सलाईनही बहुधा तीन तास चालतं. अल्ब्युमिनच्या १३० नॅनोमीटरच्या कणांमध्ये तेच औषध बसवलं आणि क्रेमोफोर गेलं, अ‍ॅब्रॅक्सेन नावाने अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालं. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये ते साधारण अर्ध्या तासात देता येतं आणि डोसही १७५ च्या जागी २६० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर देता येतो. रक्तात गेल्यावर ते कण फार वेळ कण म्हणून राहतही नाहीत, लवकरच सुटे होऊन अल्ब्युमिनला चिकटलेलं औषध असं फिरतात.

एक काळ असं फार जोरात सांगितलं जायचं की ट्यूमरमधलं स्पार्क नावाचं प्रोटीन अल्ब्युमिनला खेचून घेतं आणि त्यामुळे औषध बरोबर तिथेच जातं. ऐकायला फार देखणी गोष्ट, पण पॅन्क्रिअसच्या कॅन्सरच्या मोठ्या ट्रायलमध्ये स्पार्क जास्त असलेल्या पेशंटना जास्त फायदा झाला असं काही दिसलं नाही.

अल्ब्युमिनचा खरा मोठा गुण मला विचाराल तर टिकाऊपणा. आपल्या रक्तात त्याचा हाफ-लाइफ साधारण १९ दिवस आहे. पेशी त्याला आत घेतात, पण एंडोसोममध्ये आम्ल वाढलं की एफसीआरएन नावाचा रिसेप्टर त्याला पकडतो आणि सुखरूप परत बाहेर सोडतो. डायबेटिसच्या सेमाग्लुटाइड ह्या औषधाला जी फॅटी अ‍ॅसिडची शेपटी लावलीय ती ह्याच अल्ब्युमिनला धरून बसण्यासाठी, म्हणून ते इंजेक्शन आठवड्यातून एकदा पुरतं. त्याचा रिसेप्टर पेशीच्या बाहेरच्या बाजूला आहे, आत जायचा प्रश्नच नाही.

@प्रथिनप्रेमी, हे तुमच्याही कामाचं आहे. बीएसए ग्लुटाराल्डिहाइडने बांधून टाकलं की ते ह्या रिसेप्टरला पूर्वीसारखं ओळखू येईल अशी अपेक्षा ठेवू नका, तुमच्या लेखी तो आता फक्त एक प्रोटीनचा गोळा आहे.

रानवारा:

धागा मस्त चाललाय. फेरिटिनबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. फेरिटिन म्हणजे २४ तुकड्यांचा पोकळ गोल, बाहेरून १२ नॅनोमीटर, आतून ८. मोठा फायदा असा की ट्रान्सफेरिन रिसेप्टर त्याला ओळखतो आणि कॅन्सरच्या पेशींवर तो रिसेप्टर भरपूर असतो. पण औषध आत भरायची नेहमीची पद्धत म्हणजे पीएच २ ला गोल उघडायचा, औषध मिसळायचं, पीएच ७ ला आणून परत मिटवायचा. डॉक्सोरुबिसिन हे सहन करतं, तुमचं प्रोटीन पीएच २ ला शाबूत राहील का? आणि इतकं करून तोही एंडोसोममध्येच जाणार. सिनियरना वाईट वाटू देऊ नका पण आत्ता तिकडे वळण्यात अर्थ नाही.

मला ह्या विषयात सगळ्यात जास्त भारावून टाकतं ते हे की निसर्गाने हा प्रश्न कधीच सोडवून ठेवलाय. घटसर्पाचं टॉक्सिन बघा. एकच प्रोटीन, तीन भाग. एक भाग रिसेप्टर पकडतो आणि एंडोसोममध्ये शिरतो. तिथे आम्ल वाढलं की दुसरा भाग उलगडून मेम्ब्रेनमध्ये घुसतो आणि वाट तयार करतो, आणि तिसरा भाग, जो खरा मारेकरी एन्झाइम, त्या वाटेने उलगडत पलीकडे जाऊन परत घडी घालून कामाला लागतो. म्हणजे ज्या आम्लात आपला माल मरतो तेच आम्ल त्याच्यासाठी सिग्नल आहे! त्याचा एक रेणू सायटोप्लाझममध्ये पोचला तरी पेशी मरायला पुरेसा आहे असं १९७८ मध्येच दाखवलंय. ह्यातला रिसेप्टर पकडणारा भाग काढून तिथे इंटरल्युकिन २ (टी-सेलवरच्या रिसेप्टरला धरणारं प्रोटीन) बसवलं आणि त्याचं औषध झालं, डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्स, त्वचेच्या टी-सेल लिम्फोमासाठी १९९९ मध्ये मंजूर, पुढे बाजारातून गेलं आणि त्याची सुधारित आवृत्ती २०२४ मध्ये परत मंजूर झाली. अडचण अशी की घटसर्पाची लस बहुतेकांनी घेतलेली असते त्यामुळे शरीरात ह्या टॉक्सिनविरुद्ध अँटीबॉडी आधीच असू शकतात. प्रोटीन कॅरिअरच्या मागे ही इम्युनिटीची कटकट कायम आहे, तुमचं बीएसएसुद्धा गायीचं आहे, माणसात जायचं तर ह्यूमन अल्ब्युमिन घ्यावं लागेल.

२०२३ मध्ये तर फोटोरॅब्डस ह्या बॅक्टेरियाची सिरिंजसारखी प्रोटीनची सुई बदलून माणसाच्या पेशीत हवं ते प्रोटीन टोचून दाखवलं. सुईच्या टोकाची पकड कुठल्या पेशीवर बसायची हे अल्फाफोल्ड ह्या प्रोटीनचा आकार सांगणाऱ्या एआय प्रोग्रामच्या मदतीने नव्याने आखलं होतं, उंदराच्या मेंदूतही चाललं. हे तुमच्या थीसिसला लगेच उपयोगी नाही, पण वाचाच.

अजून एक, एंडोसोम प्रत्येक वेळी शत्रूच असतो असं नाही. हंटर सिंड्रोम ह्या आनुवंशिक आजारात लायसोसोममधलाच एक एन्झाइम कमी असतो. तिथे औषध लायसोसोममध्येच पोचायला हवं, निसटायची गरजच नाही. अडचण असते रक्तातून मेंदूत जायची, म्हणून तो एन्झाइम ट्रान्सफेरिन रिसेप्टर पकडणाऱ्या अँटीबॉडीला जोडला, रिसेप्टरने त्याला रक्त आणि मेंदूमधली भिंत ओलांडून नेलं, आणि जपानमध्ये २०२१ मध्ये ते औषध मंजूर झालं. तेव्हा तुमच्या मालाचा पत्ता कुठला, पेशीच्या बाहेर, लायसोसोम, का सायटोप्लाझम, ह्यावर कॅरिअर ठरतो. तुमचा पत्ता तिन्हीतला सगळ्यात अवघड आहे एवढंच.

प्रथिनप्रेमी:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सांगितलेलं बरंचसं करून बघितलं म्हणून परत आले.

इलेक्ट्रोपोरेशनने नुसतं प्रोटीन घातलं, पेशी मेल्या, आणि टार्गेटला चिकटायची जागा बिघडवलेलं म्यूटंट घातलं तेव्हा नाही मेल्या. म्हणजे प्रोटीन कामाचं आहे, हा जीव भांड्यात पडला.

गाळणी म्हणाले तसंच निघालं, एफआयटीसी न लावलेले रिकामे पार्टिकलसुद्धा हिरव्या चॅनेलमध्ये चमकतात, थोडे कमी पण चमकतात. लाल डाय औषधाला लावून जिवंत पेशीत बघितलं तर ठिपके आहेतच आणि जवळजवळ सगळे लायसोट्रॅकरवर (लायसोसोम रंगवणारा डाय) बसतात. ४ डिग्रीला बरेच कमी होतात, म्हणजे आत जाणं खरं आहे. आणि रिलीजमध्ये वरच्या पाण्यात प्रोटीन येतं पण अ‍ॅक्टिव्हिटी नगण्य, दोन्ही पीएचला.

म्हणजे अडचणी दोन आहेत, औषध चिकटून बसतंय आणि पिशवीतून सुटत नाही. आधी कुठली हाताळू? आणि ग्लुटाराल्डिहाइडला पर्याय काय? डीएसपीसारखा तुटणारा क्रॉसलिंकर चालेल का?

गाळणी:

वा, आता चित्र स्पष्ट झालं. आधी चिकटण्याचं बघा, कारण औषध जिवंत सुटत नसेल तर एंडोसोममधून काढून तरी काय करणार.

डीएसपीमध्ये मधला डायसल्फाइड (दोन सल्फरमधला बंध) तुटतो खरा पण तोही लायसिनलाच जाऊन बसतो, तुटल्यावर त्याचं थोटूक तुमच्या प्रोटीनवर राहणारच, जागा मोक्याची असेल तर अ‍ॅक्टिव्हिटी परत गेली. मी तुमच्या जागी असतो तर अल्ब्युमिनचेच डायसल्फाइड वापरले असते. त्याच्यात १७ डायसल्फाइड आहेत आणि एक सुटं सिस्टीन, म्हणजे असे बंध बांधणारं सल्फरवालं अमिनो अ‍ॅसिड. सौम्यपणे ग्लुटाथायोनने (असे बंध तोडणारा पेशीतलाच एक छोटा रेणू) त्यातले काही उघडायचे, जास्तीचं ग्लुटाथायोन डायलिसिसने नीट काढून टाकायचं, मग औषध मिसळून इथेनॉलने डीसॉल्व्हेशन करायचं, शेजारशेजारचे अल्ब्युमिनचे रेणू आपापसात नवीन डायसल्फाइड बांधून पार्टिकल धरून ठेवतात. बाहेरचा क्रॉसलिंकर लागतच नाही. तुमच्या प्रोटीनमध्ये सिस्टीन नसेल तर ते ह्या भानगडीत पडतच नाही, असेल तर सांगा, वेगळा विचार करू. इथेनॉलमध्ये तुमचं प्रोटीन टिकतं का हे मात्र आधी वेगळं बघून घ्या. सायटोप्लाझममध्ये ग्लुटाथायोन १ ते १० मिलिमोलर असतं आणि रक्तातल्या प्लाझ्मात काही मायक्रोमोलर, त्यामुळे पार्टिकल बाहेर टिकायची आणि आत उसवायची शक्यता चांगली. एंडोसोममध्ये मात्र तेवढं ग्लुटाथायोन नसतं, म्हणून सुटकेचं वेगळं बघावंच लागेल.

जुना_पिपेट:

सुटकेचं मी सांगतो. नवीन पार्टिकल अ‍ॅक्टिव्ह प्रोटीन सोडतायत हे पक्कं झालं की क्लोरोक्विन घालून एक सेट करा. क्लोरोक्विन एंडोसोम फुगवतं, काही फुटतातही. त्याच्यासोबत पेशी मेल्या आणि नुसत्या क्लोरोक्विनने नाही मेल्या, तर राहिलेली अडचण सुटकेचीच आहे हे ठरलं. हे फक्त निदानासाठी, उपाय म्हणून वापरू नका, त्याची स्वतःची टॉक्सिसिटी आहे.

त्यानंतर गाला पेप्टाइड बघा, ३० अमिनो अ‍ॅसिडचं, ७.४ ला सैल पडून असतं, पीएच ५ कडे गेलं की हेलिक्स होऊन मेम्ब्रेनला भोकं पाडतं. पार्टिकलच्या पृष्ठभागावर बसवता येतं. टॅटपेक्षा तुमच्या गरजेला ते जवळचं आहे, गाईडना तसं सांगा, ते ऐकतील.

आणि सायटोप्लाझममध्ये पोचलं हे सिद्ध करायला फोटोवर विसंबू नका. स्प्लिट जीएफपी करा, जीएफपी म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, औषधाच्या टोकाला जीएफपीचा १६ अमिनो अ‍ॅसिडचा शेवटचा तुकडा जोडायचा, बाकीचा जीएफपी पेशीच्या सायटोप्लाझममध्ये बनवून ठेवायचा, दोघे भेटले तरच हिरवं चमकतं. औषधाचा तुटलेला तुकडा जरी निसटला तरी चमकेल, म्हणून मारण्याचा परिणाम सोबत दाखवाच. गॅलेक्टिन ८ ह्या पेशीतल्या प्रोटीनला फ्लोरोसंट टॅग लावलेल्या पेशी मिळाल्या तर उत्तम, एंडोसोम फाटला की गॅलेक्टिन तिथे जाऊन गोळा होतं, म्हणजे फाटलं का हे वेगळं आणि माल बाहेर आला का हे वेगळं दिसेल.

प्रथिनप्रेमी:

सिस्टीन नाहीये आमच्या प्रोटीनमध्ये, आत्ताच सिक्वेन्स उघडून बघितला! डायसल्फाइडवाली पद्धत सोमवारपासून सुरू करते. एक शेवटचं, पेशींवर टाकताना मीडियममध्ये १० टक्के एफबीएस (वासराच्या गर्भाचं सीरम) असतो, त्यातलं अल्ब्युमिन आड येईल का?

गाळणी:

येऊ शकतं, सीरममधली प्रोटीनं पार्टिकलवर थर धरतात आणि तुमचं गाला झाकलं जाऊ शकतं. पण सीरम नसलेल्या मीडियममध्ये सगळंच आत जातं आणि मग तोच आकडा प्राण्यात गेल्यावर कोसळतो. दोन्ही करा, पेपरमध्ये सीरमवाला आकडा पुढे ठेवा. आणि तुमचं प्रोटीन ई. कोलायमध्ये बनवत असाल तर एंडोटॉक्सिन (बॅक्टेरियाच्या आवरणातलं विष) काढलंय का हे एलएएल टेस्टने बघून घ्या, प्राण्यात जायच्या आधी हे हवंच.